घाम मोजायचा की खेळ?

रँटी मार्टिन्सने २०११-१२ च्या आय-लीगमध्ये डेंपोसाठी ३२ गोल केले. हा आकडा आमच्या गावात कुठल्याही चहाच्या गाड्यावर विचारा, निदान एक तरी माणूस न अडखळता सांगेल. आता त्याच माणसाला विचारा, की डेंपोच्या त्या काळातल्या मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्सने किती चेंडू हिसकावले. तो हसेल आणि म्हणेल, "अगो, तें कोण मेजता?"

मला वाटतं, फुटबॉलपटूंबद्दलचे आपले निम्मे वाद या एका प्रश्नात येतात. कोण मोजतं, आणि काय मोजतं?

आपल्याकडे या वादात दोन पक्ष असतात. एक मोबाईलवाल्यांचा. त्यांना गोल, असिस्ट, पासची टक्केवारी सगळं तोंडपाठ. दुसरा आमच्या पप्पांच्या पिढीचा. त्यांचं म्हणणं, आकडे ठेव बाजूला, पोरगा जीव तोडून खेळतो की नाही ते बघ. कॉलेजच्या कँटीनमध्येही हेच दोन पक्ष आहेत, फक्त वय कमी आणि आवाज जास्त. मी दोघांचंही ऐकते आणि माझं मत मात्र तिसरीकडेच जातं. आकडे फसवतात हे खरं. पण आकड्यांपेक्षा जास्त फसवते ती 'मेहनत', आणि तिच्याबद्दल कोणी काही बोलत नाही, कारण मेहनतीविरुद्ध बोलणं म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं.

आधी आकड्यांचं बोलू. फुटबॉलमध्ये आकडे मोजायची गोष्ट बरीच जुनी आहे. १८ मार्च १९५० या दिवशी इंग्लंडमध्ये स्विंडन टाऊन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांचा सामना चालू होता. प्रेक्षकांत चार्ल्स रीप नावाचा हवाईदलातला हिशेबनीस बसला होता. मध्यंतरानंतर त्याने वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चाल टिपायला सुरुवात केली. पुढची कितीतरी वर्षं तो टिपतच राहिला. त्यातून त्याला दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात. त्याने निष्कर्ष काढला की जास्त पास म्हणजे वेळेचा अपव्यय, चेंडू लांब मारा आणि गोलजवळ पोहोचा. इंग्लंडच्या फुटबॉलवर या विचाराचा बराच काळ परिणाम राहिला.

गोम अशी की फुटबॉलमधल्या बहुतेक सगळ्याच चाली तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये संपतात. चेंडू सारखा हातचा जातच असतो. त्यामुळे गोलही तिथेच जास्त दिसणार. म्हणजे असं बघा, आमच्या वर्गात पास होणारे बहुतेक जण बसने येतात, म्हणून बसने आलं की पास होतं, असं म्हणण्यासारखं आहे हे. वर्गातले जवळपास सगळेच बसने येतात, नापास होणारेसुद्धा! पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी दर चालीमागे किती गोल असा हिशेब लावला, तेव्हा लांबलेल्या पासमालिकाच जास्त फळतात असं दिसलं. रीपचे आकडे खोटे नव्हते. त्याने आकड्याला विचारलेला प्रश्न चुकला होता.

क्रिकेटवाल्यांना हे दुखणं कमी. तिथे प्रत्येक चेंडू वेगळा, त्याचा निकाल वेगळा, स्कोअरबुकात सरळ लिहिता येतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांपैकी एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो फार तर दोन-तीन मिनिटं. उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं तो काय करतो? कुठे उभा राहतो, कोणाला आपल्याकडे ओढतो, कुठली वाट अडवून धरतो, यातलं काहीच जुन्या पद्धतीच्या आकड्यांत येत नाही. बचावपटूची तर आणखी पंचाईत. त्याचं उत्तम काम म्हणजे जे घडलंच नाही ते. स्ट्रायकरला पासच मिळाला नाही, कारण मधे कोणीतरी नुसतं उभं होतं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

याप स्टामचं उदाहरण म्हणूनच नेहमी दिलं जातं. २००१ साली मँचेस्टर युनायटेडने या डच बचावपटूला अचानक लाझिओला विकून टाकलं. त्याच्या आत्मचरित्राचा वाद तेव्हा गाजत होता, आणि तो दुखापतीतून उठला होता. पण त्याचे टॅकल कमी झाल्याचे आकडे फर्ग्युसनच्या समोर होते, असंही सांगतात. टॅकल कमी म्हणजे खेळाडू उतरणीला लागला, असा साधा हिशेब. पण अनुभवी बचावपटू टॅकल कमी करतो याचं कारण बऱ्याचदा हे असतं की टॅकल करायची वेळच तो येऊ देत नाही. स्टाम त्यानंतर कितीतरी वर्षं इटलीत खेळला आणि २००५ मध्ये मिलानकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरला. त्याला विकणं ही चूक होती, हे फर्ग्युसनने पुढे स्वतःच मान्य केलं.

क्लोद मॅकेलेलेची गोष्ट तर त्याहून बोलकी. २००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने बेकहॅमला आणलं आणि पगारवाढ मागणाऱ्या मॅकेलेलेला जाऊ दिलं. झिदान, फिगो, रोनाल्डो, बेकहॅम, अशी वरातच्या वरात होती, एक पाण्याची घागर वाहणारा गेला तर काय बिघडतं? पुढची तीन वर्षं माद्रिदला स्पेनची लीग जिंकता आली नाही. आणि मॅकेलेलेच्या चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन इंग्लंडची लीग जिंकली. सगळं श्रेय त्याचं एकट्याचं असं मी म्हणत नाही. पण जो चेंडू पुढे जाऊन गोल होतो तो आधी कोणीतरी मागे परत मिळवलेला असतो, एवढं तरी त्या तीन वर्षांत माद्रिदला कळलं असेल.

आता इथे मोबाईलवाल्या पक्षाची बाजू घेतली पाहिजे, कारण त्यांना आपण उगाच झोडपतो. आकड्यांनी लोकांवर अन्याय केला तसा न्यायही दिलाय. मोहम्मद सालाह चेल्सीत होता तेव्हा त्याला फारसं खेळवलं नाही आणि मग इटलीला धाडलं. 'इंग्लंडमध्ये चालला नाही' असा शिक्का बसला. शिक्का हा डोळ्यांनी मारलेला असतो, हे लक्षात घ्या. लिव्हरपूलमध्ये तेव्हा इयन ग्रॅहम नावाचा, पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस संशोधन विभाग चालवत होता. त्यांच्या हिशेबात सालाह फारच वरचा निघाला. २०१७ मध्ये त्याला आणलं आणि पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. रँटीचा आणि त्याचा आकडा सारखाच, हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

हे नवे आकडे जुन्यांसारखे नाहीत. 'एक्सजी' नावाचा जो प्रकार टीव्हीवर दिसतो आणि आमच्या घरी ज्याच्यावर सगळे वैतागतात, तो तसा सरळ आहे. पूर्वी मारलेल्या हजारो फटक्यांचा इतिहास घ्यायचा, आणि या जागेवरून, या कोनातून, पायाने की डोक्याने मारलेला चेंडू किती वेळा आत गेला ते बघायचं. पेनल्टी शंभरात साधारण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वेळा आत जाते. लांबून मारलेला फटका शंभरात जेमतेम दोन-चार वेळा. म्हणजे एखादी पोरगी लांबून पाच फटके मारते आणि आपण 'काय हिंमत आहे' म्हणतो, तेव्हा हा आकडा हळूच सांगतो की बाई, शेजारी मोकळी असलेल्या मुलीला पास दिला असतास तर जास्त बरं झालं असतं. पण तो पास दिसायला मोठा नसतो. त्यावर टाळ्या पडत नाहीत.

मग कौशल्य? कौशल्य बघायला डोळाच लागतो, हे मी नाकारत नाही. आमचे शापाय ब्रुनो कुतिन्होबद्दल बोलायला लागले की जेवण थंड होतं. चेंडू त्याच्या पायाला कसा चिकटायचा ते ते टेबलावर वाटी फिरवून दाखवतात. हे वर्णन कुठल्याही तक्त्यात बसणार नाही आणि बसवूही नये. साहित्याच्या विद्यार्थिनीला तर हे सांगायलाच नको. फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, ही माहिती परीक्षेत एका गुणाला येते. अकरा हजार हा आकडा मला एवढंच सांगतो की या इंग्रज पाद्रीने सासष्टीत बसून परक्या भाषेत किती प्रचंड काम केलं. ती ओवी कानाला गोड का लागते, ते आकडा सांगत नाही. त्यासाठी वाचावं लागतं.

पण डोळ्याचंही एक आहे. डोळा प्रेमात पडतो. आपल्या गावचा, आपल्या वाड्यावरचा, आपल्या चॅपेलच्या फेस्ताला खेळलेला मुलगा असला की त्याच्या पायात जास्तच कौशल्य दिसतं. शापायांची मी लाडकी, म्हणून हे लिहायची सोय आहे.

आता मेहनतीकडे येते. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला होता.

वरच्या दर्जाच्या सामन्यात मैदानातला खेळाडू साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. मेस्सी त्याहून बराच कमी धावतो. सामन्याच्या मोठ्या भागात तो चक्क चालत असतो. बाजारातून येताना आपण चालतो तसा. २०२२ च्या विश्वचषकात तो असाच चालला, सात गोल केले, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि चषक घेऊन गेला. चालताना तो बघत असतो, कोण कुठे उभा आहे, जागा कुठे सुटतेय. आमच्या इथल्या शेतातल्या सामन्यात तो असा चालला असता तर पहिल्या दहा मिनिटांत बांधावरून आवाज आला असता, "रे, न्हिदलोय काय?"

याच्या उलट एन्गोलो कान्ते. २०१५-१६ मध्ये लेस्टरने इंग्लंडची लीग जिंकून जगाला धक्का दिला, त्या मोसमात लीगमधले सर्वांत जास्त टॅकल त्याचे होते. पुढच्या वर्षी तो चेल्सीत गेला आणि चेल्सी जिंकली. सगळे म्हणतात, काय फुप्फुसं आहेत याची! मला त्यात नेहमी थोडी चिडचिड होते. फुप्फुसं पुष्कळांना असतात. चेंडू कुठे येणार हे एक क्षण आधी कळणं, ते वाचन, ती त्याची खरी करामत. पण त्याच्या वाट्याला 'मेहनती' हेच विशेषण येतं आणि 'हुशार' हे दुसऱ्या कोणाच्या तरी.

हा नुसता माझा संशय नाही. २०२० मध्ये रनरिपीट नावाच्या डॅनिश संस्थेने इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या संघटनेबरोबर युरोपातल्या मोठ्या लीगमधल्या सामन्यांची कॉमेंट्री तपासली. त्यात आढळलं की गोऱ्या खेळाडूंची स्तुती बुद्धी आणि दर्जासाठी जास्त होते, आणि काळ्या खेळाडूंची ताकद आणि वेगासाठी. मैदान तेच, चेंडू तोच, शब्द मात्र रंग बघून वाटलेले. आपल्याकडे हे होत नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याने गोव्यातल्या एखाद्या स्टँडमध्ये अर्धा तास बसावं. आफ्रिकेतून आलेला स्ट्रायकर म्हणजे 'पावर', मिझोरामचा मुलगा म्हणजे 'स्पीड', ब्राझीलचा म्हणजे 'टेक्निक'. त्यातला एकही अजून चेंडूला शिवलेला नसतो.

आणि घरच्या मुलांसाठी हा शब्द आणखी एका कामाला येतो. माझा मावसभाऊ पंधरा वर्षांचा आहे. तो मधल्या फळीत मागे खेळतो. मागच्या वर्षी तो एका अकादमीच्या ट्रायलला गेला होता. शंभराहून जास्त मुलं आली होती. आधी उंची, मग तीस मीटरची धाव, मग पंधरा-पंधरा मिनिटांचे सामने. त्या पंधरा मिनिटांत त्याच्या बाजूने समोरचा संघ एकदाही आत येऊ शकला नाही, हे मी स्वतः कुंपणाबाहेरून पाहिलं. निवड झाली ती ज्यांनी गोल केले त्यांची, आणि ज्यांनी दोघा-तिघांना चकवलं त्यांची. याच्या कागदावर शेरा होता, 'मेहनत चांगली'. मावशीला तो शेरा वाचून बरं वाटलं. भावाला नाही. तीसपैकी बारा गुण देऊन बाईंनी खाली 'प्रयत्न चांगला' लिहिलं की कसं वाटतं, ते ज्याला मिळालंय त्यालाच ठाऊक.

मला इथे त्या प्रशिक्षकांना वाईट म्हणायचं नाहीये. शंभर मुलं, एक दुपार, ऊन मी म्हणतंय, माणूस काय काय बघणार? पण म्हणूनच मोजायला हवं होतं. उंची मोजायला टेप होता, धाव मोजायला घड्याळ होतं. चेंडू किती वेळा परत मिळवला, ते मोजायला एक मुलगा आणि एक पेन पुरला असता. ज्याचा कोणी काका क्लबात नाही, ज्याच्या वडिलांना कोणी ओळखत नाही, त्या मुलाच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट असते, कागदावरची नोंद. वशिल्याला आकडा आवडत नाही, हे पप्पांच्या पक्षाने एकदा शांतपणे लक्षात घ्यावं.

ज्यांची कधी नोंदच झाली नाही त्यांचं काय, हा तर वेगळाच प्रश्न. ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचं कर्णधारपद केलं, साळगावकरची गोलपोस्ट वर्षानुवर्षं सांभाळली, आणि पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, हातमोजे काढून ठेवल्यावर कितीतरी वर्षांनी. त्यांनी किती फटके अडवले याचा हिशेब आज कोणी देऊ शकेल असं मला वाटत नाही. बघणाऱ्यांच्या आठवणी तेवढ्या आहेत, आणि बघणारे म्हातारे होतायत. बायकांच्या फुटबॉलची कथा तर याहून पुसट. आपल्या गोव्याची योलांडा डिसोझा भारताकडून खेळली, ती पिढी आशियात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती. माझ्या वर्गातल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे? मी विचारलं. दोघींना. त्यातली एक हॉकी समजत होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती, कारण योलांडा हॉकीही खेळायची. पण गोल किती, सामने किती, कोणाविरुद्ध, हे सगळं नीट लावून ठेवलेलं कुठे सापडत नाही. आकड्यांची चेष्टा करणं ही मला त्यामुळे जरा चैनीची गोष्ट वाटते. ज्यांचं सगळं मोजून झालंय त्यांना ती परवडते.

क्लायमॅक्सकडे परत यायचं तर, २००८ च्या एएफसी चॅलेंज कपात हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी सामन्यातला एकमेव गोल त्याने केला. ती स्पर्धा भारताने जिंकली आणि त्यामुळे सत्तावीस वर्षांनी आशियाई चषकात आपल्याला जागा मिळाली. अंतिम सामन्यात छेत्रीने तीन गोल केले, ते सगळ्यांना आठवतात. छेत्री २०२४ च्या जूनमध्ये थांबला तेव्हा त्याचे ९४ गोल छापून आले, आणि ते यायलाच हवेत. पुढे तो परत आला ते सोडा. क्लायमॅक्सच्या नावावर तो एक गोल आहे म्हणून निदान त्या दिवशी त्याचं नाव मथळ्यात आलं. बाकी सगळे सामने, ज्यांत त्याने गोल न करता आपलं काम केलं, ते कुठल्या वहीत आहेत?

तेव्हा माझी एक सूचना आहे, मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ती मांडणारच आहे. आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जानेवारीत आहे. सामनावीर दरवर्षी गोल करणाऱ्याला किंवा करणारीला मिळतो, हे आपण सगळे बघतो. या वेळी मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही सामन्यांना मंडळाचे दोघे-दोघे जण वही घेऊन बसूया. एकाने फक्त चेंडू परत मिळवल्याची आणि पुढे नेऊन दिलेल्या पासची नोंद करायची. दुसऱ्याने काहीही न मोजता, जे डोळ्याला दिसलं ते चार ओळींत लिहायचं, पण 'मेहनती' हा शब्द न वापरता. सामना संपल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू. पहिल्या सामन्याला मोजायला मी बसते. ओळी लिहायला कोणीतरी पुढे या, शक्यतो ज्याला फुटबॉल फारसा कळत नाही असा.